एकसष्ट आणि बासष्ट

नवरा इसिडोर वारल्यावर थंडीच्या तोंडाला अल्विना वर्थनं कपाटाच्या वरच्या फळीवरची अक्रोडाची पेटी खाली उतरवली, तिच्यावरची धूळ एप्रनला पुसली आणि लायनस ड्रेअरला फोन लावला.

"ये एकदा सवडीनं," ती म्हणाली. "आणि तुझे ते पांढरे हातमोजे घेऊन ये."

पुढचं काही सांगावं लागलं नाही. कॅन्ससच्या त्या गव्हाळ पट्ट्यात हातमोजे घेऊन ये म्हटलं की काय ते समजायचं. फार पूर्वी, अल्विना परकऱ्या वयाची असताना, कुणी बंदुकांचा शौकीन मेला की आठ दिवसांत परगावची गोडबोली माणसं त्याच्या विधवेच्या दारात उभी राहायची. बाईच्या डोळ्यांतलं पाणी खळायच्या आत नवऱ्यानं जन्मभर जमवलेलं चीजवस्तूसकट गाडीत घालून पसार व्हायची. तेव्हा गावातल्या शौकिनांनी मंडळ काढलं आणि एक रीत घालून दिली. गेलेल्याच्या बायकोनं मंडळातला एक माणूस निवडायचा. त्यानं वस्तू बघून रास्त किंमत सांगायची. त्याच्यावर दुसऱ्याला विचारायचं नाही, की घासाघीस करायची नाही. आणि ज्यानं किंमत सांगितली त्यानं ती वस्तू घ्यायची नाही. त्यानं नाही, त्याच्या घरच्यानंही नाही. सगळ्या रिवाजाचं मर्म या शेवटच्या कलमात होतं. ज्याला घ्यायचीच नाही तो खोटं कशाला बोलेल?

अल्विनानं कुणाला निवडायचं याचा विचारसुद्धा केला नाही. इसिडोर आणि लायनस एका बाकावर शाळा शिकले, एका तेलविहिरीवर राबले, एका दिवशी चर्चमध्ये गाण्याच्या ताफ्यात गेले आणि एकाच दिवशी आवाज फुटल्यामुळे तिथून हाकलले गेले. इसिडोरच्या शवपेटीला पुढून उजवा खांदा लायनसचा होता.

तो आला तो दारातच नाक वर करून वास घेत.

"बिरॉक?"

"तुझ्यासाठी नाहीत. चर्चच्या मुलांसाठी आहेत."

"मग चर्चच्या वतीनं एक खातो," असं म्हणून त्यानं ताटातला गरम पाव उचललाच. आत कोबी आणि खिमा ठासून भरलेला तो पाव त्याच्या बोटांना चटके देत होता, तरी त्यानं तो सोडला नाही. "मिरी कमी पडली, अल्वी."

"चाळीस वर्षं कमी पडतेय. तरी खातोसच."

हात धुऊन, कोरडे करून, मोजे चढवून तो बसला. तिनं टेबलावर जुनं मऊ फडकं अंथरलं आणि पेटी उघडून दिली.

काउंटीला शंभर वर्षं झाली त्या वर्षी, सदुसष्ट साली, पूर्वेकडच्या एका कारखान्यानं खास त्या निमित्तानं दीडशे रिव्हॉल्वर घडवल्या होत्या. नळीवर सोन्याच्या पाण्यानं काढलेली गव्हाची ओंबी, मुठीला पिवळसर शिंग, आणि मुठीखाली नंबर. दीडशेच्या वर एकही नाही. पुढं साचा मोडून टाकला. इसिडोरची बासष्ट नंबरची होती.

लायनसनं ती दोन हातांवर घेतली, तान्ह्या मुलासारखी. खिडकीशी नेली, तिरकी केली, छोटी बॅटरी लावून न्याहाळली. अल्विना कॉफी ओतताना त्याच्याकडे बघत होती. हा माणूस एरवी चुळबुळ्या, पण हातात अशी वस्तू आली की देवळात आल्यासारखा व्हायचा.

"हे बघ," तो म्हणाला. "गोळ्यांचं हे चक्र. घोडा एकदा जरी मागं ओढला ना, की चक्र फिरतं आणि त्याच्या काळ्यानिळ्या पाण्यावर केसाएवढी रेघ उमटते. ती काही केल्या जात नाही. कितीजणांनी नुसता टक् असा आवाज ऐकायच्या मोहापायी निम्मी किंमत घालवलीय."

"मग? आहे रेघ?"

"नाही गं. तुझ्या नवऱ्यानं त्रेचाळीस वर्षांत एकदाही घोडा ओढला नाही. मला नाही जमलं असतं."

"तुझीवर आहे?"

"नाही," लायनस हसला. "पण मला बायकोचा धाक होता."

मग अल्विना बोलायला लागली. ती रिव्हॉल्वर बघितली की ती त्या दिवसाबद्दल बोलायचीच, आणि लायनस ते दरवेळी नव्यानं ऐकल्यासारखं ऐकायचा. मे महिना होता. दोघं पुरुष तेलविहिरीवर पाळीला अडकलेले. रिव्हॉल्वर मिळणार होत्या पीटर श्टाबच्या लोखंडी सामानाच्या दुकानात, आणि गावात तर जत्रा लोटलेली. अल्विना उजाडायच्या आत रांगेत जाऊन उभी राहिली. एका खिशात नवऱ्याचे पैसे, दुसऱ्या खिशात तंबाखूच्या डबीत घालून दिलेले लायनसचे. वारा असा सुटला होता की बायकांच्या डोक्याचे रुमाल मक्याच्या शेतात जाऊन पडत होते. तासन्‌तास उभं राहून तिचे पाय सुजले. तिचा नंबर लागला तेव्हा पीटर श्टाब म्हणाला, "एका माणसाला एकच, अल्विना."

"एक नवऱ्याची, एक लायनसची."

"ते असेल. पण माणूस एक आला, तर एकच. नियम आहे."

आणि मग पीटर श्टाबनं तिच्या कोटाकडे बघितलं. कोटाची मधली बटणं लागत नव्हती. सहावा महिना होता. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, तिच्या पोटाच्या दिशेनं रोखली आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "थांबा, थांबा! ही बाई एक नाही, दोन आहेत! दोन माणसं, दोन रिव्हॉल्वर!"

सगळी रांग हसली. मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्या लेकर बाईनं पीटरला छत्रीनं ढोसलं. अल्विनाचे कान लालबुंद झाले आणि एकसष्ट नंबर, बासष्ट नंबर, अशा दोन पेट्या काखेत मारून ती घरी आली. दोघं पाळीवरून आले तेव्हा डोळे मिटून एकेक उचलली त्यांनी. लायनसच्या हाताला एकसष्ट लागली.

ऑगस्टात, गहू कोठारात पडल्यावर, अल्विनाला मुलगी झाली. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडेपर्यंत ती राहिली, तेवढंच. उर्सुला नाव ठेवलं. तिची पेटी इतकी लहान होती की खांद्यावर घ्यायचा प्रश्न नव्हता. लायनसनं ती दोन हातांत धरून नेली, कारण इसिडोरला धरवत नव्हती. पुढं मूल झालं नाही. त्या मुलीचा फोटो नाही, काही नाही. तिला या जगानं कधी माणसांत धरलं असेल तर ते एकदाच, पीटर श्टाबच्या दुकानात, भर रांगेत, हसत हसत. हे अल्विनानं कुणाला कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण ऐकणाऱ्या दोघांनाही ते ठाऊक होतं. म्हणून तर ती तो किस्सा पुन्हापुन्हा सांगायची आणि ते पुन्हापुन्हा ऐकायचे. आता ऐकणारा एकच उरला होता.

लायनसनं रिव्हॉल्वर पेटीत ठेवली, मोजे काढले, एकात एक घातले.

"अकराशे डॉलर," तो म्हणाला. "एक पैसा कमी घेऊ नकोस. आणि जास्त कुणी देणार नाही."

"तू म्हणतोस ना? मग झालं."

"डेन्व्हरला तुझे भाचे आहेत की. त्यांना का नाही देत?"

"ते पत्र्याच्या डब्यांवर नेम धरतील तिनं. मला ती जाणत्याच्या घरात जायला हवीय, लायनस. पैशाचं काय, छप्पर गारांनी फुटलंय तेवढं होईल."

"बघतो," लायनस म्हणाला. "शब्द टाकून ठेवतो चार ठिकाणी."

नाताळाच्या आधी सालिनाहून कर्टिस नावाचा एक तरुण आला. नखं स्वच्छ, बोलणं मऊ, पाय पुसून आत आला. अकराशे डॉलर मोजून दिले. अल्विनानं त्याला दोनदा विचारलं, "उडवणार नाहीस ना रे?" आणि तो दोनदा म्हणाला, "नाही हो, जपण्यासाठीच आहे." त्याचं वागणं तिला इतकं आवडलं की तिनं त्याला वाटेत खायला चार बिरॉक बांधून दिले. त्या रात्री तिला छान झोप लागली. वस्तू चांगल्या घरी पडली. लायनस होता म्हणून.

मार्चात चर्चच्या हॉलमध्ये मंडळाचं दरवर्षीचं प्रदर्शन भरलं. पुरुष टेबलं मांडायचे आणि बायका स्वयंपाकघर सांभाळायच्या. अल्विना पहाटेपासून कणकेत होती. शेजारी रोझालिया कोबी चिरत होती. रोझालिया म्हणजे इसिडोरची बहीण. जिभेला हाड नाही आणि मनात काही नाही.

"अगं, बघून तरी ये," रोझालिया म्हणाली. "तुमची रिव्हॉल्वर काय झकास मांडलीय."

"कुठली आमची? ती सालिनाला गेली."

"मग सालिनाहून चालत आली असेल. बासष्ट नंबर तुमचाच ना? लायनसच्या टेबलावर आहे."

अल्विना तशाच पिठाच्या हातांनी बाहेर गेली.

लायनसचं टेबल खिडकीखाली होतं, सगळ्यांत चांगल्या उजेडाचं. मधोमध एक नवीकोरी रुंद पेटी, आत हिरवं मखमल, आणि मखमलीत दोन खळगे. दोन्हीत एकेक. ओंबीला ओंबी लागून. एकसष्ट आणि बासष्ट. पुढं जाड कागदावर टंकलेलं कार्ड: लागोपाठच्या नंबरांची जोडी, एका हातानं एका दिवशी घेतलेली, रेघ नाही. पाच हजार आठशे डॉलर. आणि टेबलाच्या मागं घडीच्या खुर्चीवर, स्वच्छ नखांचा कर्टिस, तिच्याच हातचा बिरॉक खात बसला होता. तिला बघून तो खाता खाता थांबला. नंतर खाली बघून उरलेला संपवला.

"हा कोण?" अल्विनानं विचारलं.

लायनस कुणाशी तरी बोलत होता, तो वळला. चेहरा पडला, पण क्षणभरच. "अल्वी, आधी रागावू नकोस."

"रागावत नाही. विचारतेय. हा कोण?"

"माझ्या मेहुणीचा मुलगा."

"म्हणजे घरचा."

"घरचा कसला? आडनाव वेगळं, गाव वेगळं. रीतीत मेहुणीच्या मुलाचं कुठं काही म्हटलंय?" तो हळू आवाजात बोलायला लागला. "आणि मला सांग, किंमत चूक होती का? मंडळातल्या कुणालाही विचार. सुट्या रिव्हॉल्वरची किंमत अकराशेच होते. मी तुला एक पैसा कमी सांगितला नाही."

"सुट्या."

"हो. सुटीच होती ना ती तुझ्याकडे?"

"आणि दुसरी तुझ्याकडे होती. जोडी झाली की किंमत अडीचपट होते हे तुला माहीत होतं."

"जोडी आहे हे तुलाही माहीत होतं, अल्वी!" लायनसला खरोखरच वाईट वाटल्यासारखं दिसलं, जणू अन्याय त्याच्यावर होत होता. "तूच तर घेतल्यास दोन्ही. रांगेत तू उभी होतीस. तू एका शब्दानं विचारलं असतंस, लायनस, तुझी माझी एकत्र विकूया का, तर मी नाही म्हणालो असतो?"

खरंच तिनं विचारलं नव्हतं. तिच्या डोक्यात ती जोडी कधी किमतीची नव्हतीच. आणि रीतच अशी होती की किंमत सांगणाऱ्याला विचारायचं नसतं. विचारायचं नसावं म्हणून तर त्याला बोलवायचं असतं.

आवाज ऐकून मंडळाचा अध्यक्ष अँब्रोज कमरेवर हात ठेवून आला. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं आपापल्या बंदुका पुसता पुसता कान टवकारून होती. अल्विनानं अँब्रोजला सगळं सांगितलं. त्यानं कार्ड वाचलं, टोपी मागं सारली, डोकं खाजवलं.

"किंमत रास्त होती, अल्विना," तो शेवटी म्हणाला. "मला बोलावलं असतंस तर मीही अकराशेच म्हटलं असतं."

"तू म्हणाला असतास, अँब्रोज. तुझ्याकडे एकसष्ट नंबर नव्हता."

"ते खरं." त्यानं लायनसकडे बघितलं, मग छताकडे. "पण आज बाहेरगावची माणसं आलीयत. आज नको. आपण पुढल्या बैठकीत बघू." आणि तो कॉफीच्या बाजूला निघून गेला. टेबलांवरची फडकी पुन्हा जोरात चालायला लागली.

"विकली गेली की तुला काहीतरी देईनच मी," लायनस म्हणाला. "माझ्या मनात होतंच. आम्ही उन्हाळ्यात ॲरिझोनाला जातोय, मुलीकडे, कायमचं. सगळं विकून टाकतोय. तुला सांगणारच होतो."

"हेही सांगणारच होतास."

"अल्वी, ऐक ना." त्यानं तिच्या पिठाच्या मनगटाला हात लावला. "विचिटाहून हॅडली नावाचा एक माणूस येतोय दुपारी. मोठा शौकीन आहे. त्याला नुसते नंबर नकोत, त्याला हकीकत हवी असते. कुणी घेतल्या, कशा घेतल्या. हकीकत पक्की असली की तो कार्डावरची किंमत देतो, नाहीतर नाही. मी त्याला फोनवर पीटर श्टाबचा तो किस्सा सांगितला. काय हसला म्हणतेस! पण त्याला तुझ्या तोंडून ऐकायचंय. दोन शब्द बोल त्याच्याशी. खरंच तर बोलायचंय, खोटं थोडंच सांगायचंय?"

अल्विनानं मनगट सोडवून घेतलं. त्याच्या बाहीवर तिच्या बोटांचं पीठ लागलं होतं.

"तू तो किस्सा विकायला काढलास?"

"विकायला कसला... अगं, नुसता सांगितला."

ती स्वयंपाकघरात परतली आणि कणकेचा मोठा गोळा घेऊन लाटायला बसली. रोझालियानं सगळं खिडकीतून पाहिलं होतं.

"सुरी देऊ का?" रोझालिया म्हणाली.

"कोबी चीर."

"मी असते ना, तर सगळ्या हॉलसमोर त्याची अब्रू काढली असती. आमच्या इसिडोरच्या जिवावर उठलेला मेला!"

"इसिडोर गेलाय, त्याच्या जिवावर कोण उठतंय आता."

"मग तो माणूस आला की सांग त्याला. पिस्तूल कसं घेतलं, किती सांगितलं, कुणाला पुढं केलं. सांग धडाधडा."

अल्विना लाटत राहिली. सांगता आलं असतं. पण विचिटाच्या माणसाला त्याचं काय? बंदुकांच्या बाजारात असल्या गोष्टी रोज घडत असतील. तो मान हलवेल, बाई बरोबर बोलतायत म्हणेल आणि जोडी घेऊन जाईल. आणि बाकीचं सगळं खरंच होतं. ती रांगेत उभी होती. तिनंच दोन्ही घेतल्या होत्या. खरं विचारलं तर खरं सांगावं, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. जन्मात ती मुद्दाम खोटं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि तिला तर सगळंच आठवायचं. गावात कुणाच्या लग्नात पाऊस पडला, कुणाची गाय कुठल्या साली विहिरीत पडली, हे विचारायला लोक तिच्याकडे यायचे.

हॅडली दुपारी आला. लायनस त्याला घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी, जिथून जेवणाची ताटं बाहेर द्यायचे तिथं, आला. चांगला माणूस होता. साठीचा, गुबगुबीत, टोपी हातात काढून धरलेली. चेहऱ्यावर लहान मुलाचं कुतूहल. त्याचा काही दोष नव्हता.

"तुम्हीच का त्या!" तो म्हणाला. "बाई, अख्ख्या रस्ताभर मी गाडीत एकटा हसत आलो. 'ही बाई एक नाही, दोन आहेत!' काय माणूस असेल हो तो दुकानदार!"

लायनस हसला. जरा जास्तच मोठ्यानं.

"आणि मग?" हॅडलीनं खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकवून उत्सुकतेनं विचारलं. "मुलगा झाला की मुलगी? आता चाळिशी ओलांडली असेल नाही त्याची? मी म्हटलं लायनसना, त्यालाही बोलवायला हवं होतं. त्याच्यामुळेच तर जोडी झाली!"

रोझालियाच्या हातातली सुरी थांबली.

अल्विनानं लायनसकडे पाहिलं. त्यानं हॅडलीला किस्सा हसण्यापर्यंत सांगितला होता आणि पुढचा ऑगस्ट कापून टाकला होता. हसण्याला किंमत होती. ऑगस्टाला नव्हती. लायनस खिडकीच्या कठड्याकडे बघत होता.

"मला नाही आठवत," अल्विना म्हणाली.

"काय नाही आठवत?"

"तुम्ही म्हणता ते. रांग वगैरे. कुठली रांग?"

हॅडली गोंधळला. "ते... लोखंडी सामानाचं दुकान. शंभर वर्षांचा सोहळा. दोन रिव्हॉल्वर तुम्हीच घेतल्यात ना एकदम?"

"नवऱ्याकडे एक होती खरी. ती कुणी कुठून आणली, काय ठाऊक. वय झालं आता."

"अल्वी," लायनस म्हणाला, "असं काय करतेस? पीटर श्टाब. कानावरची पेन्सिल. लेकर बाईची छत्री."

"तू सांगतोस तर असेल," ती म्हणाली. "मला नाही आठवत." आणि हॅडलीला विचारलं, "तुम्ही जेवलात का? बिरॉक गरम आहेत."

हॅडलीनं सभ्यपणे एक बिरॉक घेतला, पैसे ठेवले, आभार मानले. मग टोपी घालून तो लायनसबरोबर टेबलापाशी गेला. अल्विनाला तिथून बोलणं ऐकू आलं नाही, पण दिसलं. हॅडलीनं दोन्ही उचलून पाहिल्या, नंबर पाहिले, मान डोलावली. मग कार्डावर बोट ठेवून काहीतरी म्हणाला. लायनसनं थोडा वेळ वाद घातला. आणि मग त्यानं ते कार्ड उचलून खिशात घातलं.

पुढं काय झालं ते बघायला ती थांबली नाही. उरलेली कणीक रोझालियाच्या हवाली करून तिनं एप्रन काढला, कोट चढवला आणि मागच्या दारानं निघाली.

गाडीपाशी पोचते तोच लायनस मागून आला. वाऱ्यानं त्याचे विरळ केस उभे केले होते. टोपी विसरला होता.

"तुला सगळं आठवतं," तो म्हणाला. "रांगेत तुझ्या पुढं कोण होतं तेसुद्धा आठवतं तुला. खोटं बोललीस तू."

"तू नव्हतास तिथं, लायनस. मे महिन्यात. तुला सगळं माझ्याकडूनच कळलंय."

त्यानं उडणारे केस हातानं दाबून धरले. मग म्हणाला, "ऑगस्टात होतो."

"म्हणून तर," अल्विना म्हणाली.

तिनं दार लावून घेतलं. तो अजून काही बोलत होता, काचेतून त्याचं तोंड हलताना दिसत होतं. मग तो थांबला आणि हॉलकडे वळला. चालताना एका पायावर जास्त भार देत होता. ते तिच्या आजच लक्षात आलं.

तिनं गाडी सुरू केली नाही. आधी तिला खात्री करून घ्यायची होती. मोठ्यानं नाही म्हटलं म्हणून आतलं काही हललं तर नाही ना. तिनं डोळे मिटले. वारा आला, मक्यात उडणारे रुमाल आले, न लागणारी बटणं आली, सुजलेले पाय आले. दुकानाचं दार आलं, आत तेलाचा आणि दोराचा वास आला. पीटर श्टाबनं कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्या पोटाच्या दिशेनं रोखली. त्यानं तोंड उघडलं आणि आवाज मात्र त्याचा निघाला नाही, विचिटाच्या त्या माणसाचा निघाला. रांग हसली. ती लायनसच्या हसण्यानं हसली, जरा जास्तच मोठ्यानं.

तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, वाऱ्यापासून. पुन्हा तेच झालं.